काळी एक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला आणि शाळेच्या आधी मला बाईच दिसल्या. संगीताच्या बाई. नाव लिहायची गरज नाही; आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आठवीपर्यंत प्रार्थना मी सांगायचो, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून. नववीत एका सकाळी वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज फाटला. अख्खं सभागृह हसलं. तेव्हापासून मी संगीताचा तासच चुकवू लागलो.

चौथ्या दिवशी बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. रागावल्या नाहीत. पेटी पुढे ओढली, माझं बोट धरून काळी एकवर ठेवलं. “आवाज गेला नाही रे, उतरलाय. आता ही तुझी पट्टी. वरचं काही गायचं नाही, फक्त खर्ज, खालचा सा, लावायचा.” मार्चपर्यंत रोज मी नुसता सा लावत होतो आणि बाई स्वतःचा डबा बाजूला ठेवून भाता मारत होत्या. आवाज फुटतो तेव्हा स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, त्या दिवसांत गळ्याशी ओढाताण करू नये, हे डॉक्टरांनी मला विसेक वर्षांनी सांगितलं. बाईंना ते तेव्हाच ठाऊक होतं.

पुढे विशारद झालो, आकाशवाणीची स्वरचाचणी दिली, मग कोरस. कोरसमध्ये दहा वर्षं गेली. स्क्रॅचही खूप गायलो, म्हणजे मुख्य गायक येईपर्यंतचं कच्चं ध्वनिमुद्रण. एकदा तर ‘हे तुझंच’ म्हणून गाऊन घेतलेलं गाणं दुसऱ्याच आवाजात बाहेर आलं. मला ते कळलं रेडिओवर. त्या रात्री तानपुरा काढला आणि खर्ज लावत बसलो, दुसरं काही सुचलंच नाही.

तेव्हा गायकाला एकरकमी पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. माझी पहिली रॉयल्टी अगदी किरकोळ होती, पण ‘गायक’ या रकान्यात माझं नाव होतं. तो कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, “खर्ज चालू आहे ना?”

आता प्रार्थना स्पीकरवर लागते आणि बाईंची पेटी कपाटात आहे, असं कळलं. फार वाईट वाटलं. तिचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम तेव्हाही अडकायचा. समारंभाला येताना पेटी दुरुस्त करणारे कारागीर मी सोबत आणतो आहे. कपाटाची किल्ली तेवढी काढून ठेवा.