उलाळ

१८ फेब्रुवारी

आज सकाळी माझे रिमोटवर उडणारे छोटे विमान तिसऱ्यांदा पडले. हातातून सुटल्यावर ते आठ-दहा मीटर नीट गेले, मग नाक वर करीत चढू लागले, हवेत क्षणभर अडखळले आणि डावा पंख खाली टाकून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटांवर आदळले. शेपूट मागच्या दोन्ही वेळांप्रमाणेच मुळाशी मोडली. मी वहीत "वारा" असा शेरा लिहिला आणि दुकानात आलो.

दुकानात एक शेतकरी जळालेली सबमर्सिबल मोटार घेऊन बसला होता. "होल्टेजच नव्हतं ना भाऊ," असे तो म्हणाला. मोटार उघडली तेव्हा दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या आणि तिसरी जवळजवळ कोरी होती. स्टार जोडणीच्या मोटारीत असे दिसले, की एक फेज गेली होती आणि मोटार दोनच फेजवर ओढत राहिली, हे सांगायला मीटर लागत नाही. मी त्याला तसे सांगितले, एखादी फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवायला सांगितले आणि व्होल्टेजवर दोष टाकल्याबद्दल थोडे ऐकवलेही. रात्री वही उघडली तेव्हा माझा स्वतःचा "वारा" हा शब्द तिसऱ्यांदा लिहिलेला दिसला आणि वाचून बरे वाटले नाही.

२० फेब्रुवारी

मोडलेले विमान बाकावर ठेवून त्याची सगळी मापे पुन्हा एकदा वहीत उतरवली. पंखाची लांबी १२० सेंटीमीटर, रुंदी २० सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटीमीटर होते. पंख पाच मिलीमीटरच्या फोमबोर्डचा असून आत बुरडाकडून चिरून आणलेली बांबूची कमची आहे. पंखाच्या दोन्ही बाजू मध्यापासून टोकापर्यंत साडेपाच सेंटीमीटर उचललेल्या आहेत, कारण या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नाहीत. वळायचे काम एकटा रडर, म्हणजे शेपटीवरचा उभा हलता भाग, करतो आणि रडरने नाक वळल्यावर कलायचे काम या उचललेल्या पंखांकडे असते. मोटार, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, शेपटीचे भाग हलवणारे नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो, रिसीव्हर आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एवढाच सरंजाम आहे. पहिल्या दिवशी सगळे मिळून वजन ७५९ ग्रॅम होते. आज ते ७८० भरले. हे २१ ग्रॅम कोठून आले, हा प्रश्न मला आज पडायला हवा होता. तो पडला नाही.

या छंदात मी शिरलो तो मोटारीमुळेच, हे येथे लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या मुलाने बोटभर उंचीची ब्रशलेस मोटार दुरुस्तीला आणली. तिच्यातून तीन तारा निघालेल्या पाहून मला हसू आले, कारण ही आपल्या वावरातल्या पंपाचीच धाकटी बहीण निघाली. तिच्या बारा दातांवर कॉइल होत्या, बाहेरच्या वाटीत चौदा चुंबके होती आणि वाटीच फिरत होती. पंप उलटा फिरला की आपण तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करतो. हिच्यातही तेच केले आणि ती सुलट फिरली. फरक एवढाच की पंपाला महावितरणकडून तयार थ्री फेज मिळते, पन्नास हर्ट्झची, तीही मिळेल तेव्हा. हिला मात्र बॅटरीच्या डीसीवरून ईएससी स्वतःच थ्री फेज बनवून देतो. ज्या तारेत त्या क्षणी करंट नसतो, तिच्यात फिरत्या चुंबकांमुळे जो दाब उमटतो त्यावरून वाटी कोठे आहे हे तो ओळखतो. हजार केव्हीची मोटार ११.१ व्होल्टवर पात्याशिवाय मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते, आणि चौदा चुंबके म्हणजे सात जोड्या धरल्या तर वारंवारता बाराशे हर्ट्झच्या वर जाते. (येथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला किती फेरे हा तो आकडा आहे. आमच्या लाइनमनला हे समजावताना माझी अर्धी दुपार गेली.) त्या मोटारीची जळालेली कॉइल मी पुन्हा भरून दिली. गुंडाळ्या मुद्दाम थोड्या वाढवल्या, त्यामुळे फेरे कमी झाले आणि ओढ वाढली. मुलगा खूश झाला, आणि मी त्याच आठवड्यात स्वतःसाठी एक मोटार मागवली.

२३ फेब्रुवारी

आज रविवार नसतानाही दुकान बंद ठेवले आणि अंगणात बसून शेपूट जोडत होतो. ग्लू गनचा गरम गोंद सांध्यावर ओतायचा, वर बांबूची काडी आडवी लावायची आणि त्यावर पुन्हा गोंद ओतायचा, ही माझी दुरुस्तीची रीत. फेव्हिक्विक वापरता येत नाही, कारण फोमबोर्डचा आतला थर त्याने विरघळतो. फेव्हिकॉलला वाळायला रात्र जाते, आणि मला रात्रभर थांबण्याचा धीर नसतो.

बाबा ओट्यावर बसून हे सगळे पाहत होते. त्यांनी तिसरे पडणे धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) पाहिले होते, पण त्याबद्दल तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. मी म्हणालो, "बाबा, सकाळी वारा नसला की उडेल हे." ते म्हणाले, "कायले वाऱ्याले नावं ठिवतं? तुयं इमान उलाळ हाये. मांगं ओझं भरलं तं बंडी उलाळ होतेच ना."

उलाळ हा शब्द मी पंधरा-वीस वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरताना तो रोज कानावर पडायचा. मागच्या बाजूला कापूस जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, धुरा, म्हणजे बंडीचे पुढचे लांब दांडे, आकाशाकडे पाहतात आणि बंडी आसावर मागे कलते. मग बाबा बंडीवर चढून पाय रोवून कापूस पुढे ढकलत. पुढे फार झाला तर बैलांच्या खांद्यावर ओझे येते, तेही चालत नाही. जू बैलांच्या खांद्यावर नुसते टेकले पाहिजे, एवढाच त्यांचा हिशोब असे, आणि तो ते हाताने धुरा उचलून करीत.

मी दोन्ही हातांची तर्जनी पंखाखाली धरून विमान तोलले. पंखाच्या पुढच्या कडेपासून तोलबिंदू पाच-सहा सेंटीमीटरवर यायला हवा, म्हणजे रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर. तो आठ सेंटीमीटरवर होता. हे मी पहिल्या उड्डाणाआधी तपासले होते, पण दुरुस्तीनंतर एकदाही तपासले नव्हते.

२४ फेब्रुवारी

रात्री झोप लागली नाही म्हणून हिशोब केला. तोलबिंदू ५.६ सेंटीमीटरवर आणायचा तर २.४ सेंटीमीटर पुढे सरकवायचा, म्हणजे ७८० ग्रॅम गुणिले २.४, सुमारे १८७० एवढा तोल बिघडलेला होता. आता ते २१ ग्रॅम आठवले. ते सगळे शेपटीच्या सांध्यावरचा गोंद आणि बांबूच्या काड्या होत्या. शेपूट तोलबिंदूपासून ५५ सेंटीमीटर मागे आहे, म्हणजे २१ गुणिले ५५, एकूण ११५५. बिघाडाचा मोठा वाटा मीच माझ्या हाताने, एकेका दुरुस्तीने, तेथे नेऊन ठेवला होता. विमान पडायचे, मी शेपटीवर गोंद ओतायचो, त्यामुळे ते आणखी उलाळ व्हायचे आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पडायचे. उरलेले ७१५ च्या आसपास बॅटरीने भरून निघते. बॅटरी १८० ग्रॅमची आहे, ती चार सेंटीमीटर पुढे सरकवली की काम झाले.

मात्र पहिले पडणे एवढ्याने समजत नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी शेपटीवर गोंद नव्हता. तोलबिंदू साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असावा आणि मी तो "चालेल" म्हणून सोडून दिला असावा. पण तेवढ्याने विमान इतके नाक वर करीत नाही. आज मोटारीची पट्टी पाहिली तेव्हा ती पंखाला अगदी समांतर बसवलेली आढळली. मोटारीचे तोंड दोन-तीन अंश खाली आणि तेवढेच उजवीकडे वळवावे लागते. नाही तर पूर्ण थ्रॉटल देताच पंखाची उचल आणि मोटारीची ओढ मिळून नाक वर जाते, आणि पात्याच्या फिरण्याची उलटी ओढ विमानाला डावीकडे कलवते. माझे विमान तिन्ही वेळा डावीकडेच पडले होते. वारा तिन्ही दिवशी एकाच दिशेने नव्हता, हे वहीतच लिहिलेले होते.

बाबांच्या शब्दावर दिवसभर विचार करीत होतो. बंडीचा आस डोळ्यांना दिसतो, विमानाचा दिसत नाही, आणि माझी अडचण तेथेच झाली. विमान ज्याभोवती तोलते ती जागा पंखाची रुंदी, शेपटीचे क्षेत्रफळ आणि शेपटीचे अंतर यांवर ठरते. शेपूट मोठी केली की ती जागा मागे सरकते, तोलबिंदू तिच्या पुढे राहिला पाहिजे, आणि किती पुढे राहिला यावर विमान किती शांतपणे उडेल हे अवलंबून असते. हे नियम माणूस विमानात बसण्याआधी खेळण्यांवर सिद्ध झाले. राइट बंधूंचे उड्डाण १९०३ चे. त्याच्या ३२ वर्षे आधी, १८७१ मध्ये, अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसमधल्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर उडवले होते. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याच्याही पंखांची टोके उचललेली होती आणि शेपूट पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेली होती, त्यामुळे हवेत डगमगले तरी ते आपोआप सरळ होत असे.

८ मार्च

नवी शेपूट गरम गोंदाच्या एकाही थराशिवाय, फेव्हिकॉलने जोडून, दोन रात्री दाबून ठेवून तयार केली. मोटारीच्या पट्टीखाली पाचर घातली. बॅटरी चार सेंटीमीटर पुढे सरकवली. विमान पुन्हा ७५९ ग्रॅमवर आले आणि दोन बोटांवर ठेवले असता नाक किंचित खाली घेऊन स्थिर राहिले.

सकाळी सव्वासहाला वावरात पोहोचलो. मागच्या महिन्यात खुंट उपटून वखर फिरवल्यामुळे जमीन मऊ होती, आणि चाके नसलेल्या विमानाला पोटावर उतरायला अशी जमीन बरी. पूर्वेकडे ११ केव्हीची लाइन आणि डीपी आहे, त्यामुळे त्या बाजूला वळायचे नाही असे आधीच ठरवले होते. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेललाही जागा आहे. पंचवीस किलोच्या आतले आणि डोळ्यांसमोर उडवलेले विमान त्यात बसते. आमचे वावर नकाशात हरित क्षेत्रात येते, तेथे उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. माझे विमान तेवढ्या उंचीवर गेले तर मला ते नीट दिसणारही नाही. रिमोट हातात धरून तीस पावले मागे जाऊन सिग्नल तपासला आणि सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद होते की नाही, तेही पाहिले.

पुतणीने विमान फेकले. त्याला हवेत तरायला ताशी सुमारे २६ किलोमीटरचा वेग लागतो, म्हणून वाऱ्याकडे तोंड करून, नाक सरळ ठेवून ढकलायला तिला सांगितले होते आणि तिने तसेच केले. विमान बाभळीच्या उंचीला जाईपर्यंत मी श्वास धरून उभा होतो. नाक वर गेले नाही. मी थ्रॉटल अर्ध्यावर आणला तरी ते आपल्या उंचीवर राहिले, रडर दिला की आधी नाक वळायचे आणि मग पंख कलायचा, आणि रिमोटची काडी सोडली की पंख पुन्हा सपाट व्हायचे. एवढे सरळ वागणारे यंत्र माझ्या दुकानात क्वचित येते. दूर विजेच्या तारेजवळ एक कापशी घार वाऱ्याकडे तोंड करून, शेपूट पसरून एकाच जागी पंख मारीत थांबली होती. सहा मिनिटांनी मी थ्रॉटल बंद केला आणि विमान वखरलेल्या मातीत घसरत थांबले. बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये ३.८५ व्होल्ट उरले होते.

बाबा धुऱ्यावर होते. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी विमान उचलून, मी करतो तसेच दोन बोटांवर धरून पाहिले आणि परत ठेवले.

२७ एप्रिल

पारा ४४ च्या वर गेल्यापासून सकाळची सव्वासहाची वेळसुद्धा उशिराची वाटू लागली आहे. गरम हवा विरळ असते. पंखाला उचलायला मिळणारी हवाच कमी होते, त्यामुळे वेग थोडा जास्त ठेवावा लागतो, आणि दहा वाजल्यानंतर वावरात भवरे उठू लागतात. काल दुपारी विमान टिनाच्या शेडखाली टांगलेले होते. संध्याकाळी पाहिले तर मोटारीच्या पट्टीचा गरम गोंद मऊ पडून पट्टी वाकडी झाली होती. हवेत असताना हे झाले असते तर मोटार वावरात शोधावी लागली असती. आज तेथे प्लायवूडची चकती लावून चार बोल्टने पट्टी आवळली. चकती आणि बोल्ट मिळून नऊ ग्रॅम वाढले, तेही तोलबिंदूच्या वीस सेंटीमीटर पुढे, म्हणून बॅटरी एक सेंटीमीटर मागे सरकवली आणि खोबणीत नवी पेन्सिलरेघ ओढली. विमान दोन बोटांवर धरले तेव्हा जू टेकावे तेवढेच नाक खाली होते.