पिचला जाताना मी काय घातलं

फैजपूरकडे आमची केळी आहे. एकदा घड कापला की त्या खोडाला पुन्हा घड येत नाही. ते तोडून बांधावर टाकायचं, नाहीतर मजुरी देऊन शेताबाहेर काढायचं. त्या खोडातून आम्ही धागा काढतो. मशीन वाढवायला भांडवल हवं होतं, म्हणून गुंतवणूकदारांसमोर उभं राहून धंदा मांडायची, म्हणजे पिच करायची, वेळ आली. आकडे कसे मांडायचे हे सांगणारे पुष्कळ भेटले. कपड्यांचं मात्र कुणी नीट सांगेना, आणि गावाकडून जाणाऱ्या बाईला हा प्रश्न खरोखर पडतो.

पहिला सल्ला आत्याचा. "पैसे मांगाले चालली ना, मंग गयात सोनं घाल, माय." तिच्या अनुभवाला धरून ते बरोबरच होतं. कर्ज देणारा तारण बघतो, घराची ऐपत बघतो. पण शेअरच्या बदल्यात पैसे घालणाऱ्याला तारण मिळत नाही. धंदा बुडाला की त्याचेही पैसे बुडाले. समोरची बाई धंदा आतून ओळखते का, अडचणीत टिकेल का, एवढंच त्याला ताडायचं असतं. सोनं घरीच ठेवलं.

मग पुण्यातल्या एका मित्राने ब्लेझर सुचवला. दुसऱ्याचं म्हणणं उलट, हुडी घालूनसुद्धा चालतं. 2012 साली फेसबुकचे शेअर बाजारात येण्याआधी मार्क झुकरबर्ग न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांना हुडीत भेटले, हे खरं. पण तोवर त्यांची कंपनी साऱ्या जगाला माहीत होती, आणि तरीही त्या हुडीवरून टीका झालीच. फेसबुकमध्ये सुरुवातीला पैसे घालणारे पीटर थील यांनी तर टेक कंपनीचा प्रमुख सूट घालून आला तर पैसे घालायचे नाहीत, असा नियमच सांगितला आहे. तो सॉफ्टवेअरवाल्यांचा नियम. खोडाच्या धंद्याला त्याचा उपयोग नाही.

मी ठरवलं, सूतगिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याला भेटताना जे घालते तेच घालायचं. गडद निळा साधा सुती कुर्ता, पँट, पायात रोजच्या सवयीचे बंद बूट. आमच्याच धाग्याचं जॅकेट वर चढवायचा मोह होता. सरावाच्या वेळी ते घातलं, तर मार्गदर्शक मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "जॅकेट केवढ्याला विकता?" आम्ही कपडे विकत नाही, धागा विकतो. ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडे जाणार असेल तर जॅकेट नको. ते पिशवीत ठेवलं, आणि धाग्याची लड हातात घेतली.

साडी नेसावी का? जिला रोजची सवय आहे तिने खुशाल नेसावी. फक्त कडक खळीची नको, कारण कॉलर माइकला घासली की खरखर ऐकू येते. माइकची डबी अडकवायला कंबरेला पट्टा किंवा खिसा लागतो, हे कपडे निवडतानाच बघायचं. ऑनलाइन बैठक असेल तर बारीक रेघांचं कापड टाळावं, कॅमेऱ्यात ते लहरताना दिसतं. रात्रीच्या गाडीने जाताना कुर्ता हँगरसकट पिशवीत न्यावा आणि उतरल्यावरच घालावा. भुसावळचा उन्हाळा सोसून गेलेल्याला एसी हॉलमध्ये हुडहुडी भरते, आणि आवाज थरथरला की लोकांना ती भीती वाटते. पातळ स्वेटर मी आवर्जून नेला.

कुणासमोर उभं राहायचंय हे मात्र आधी फोन करून विचारावं. सरकारी सीड फंडासाठी, म्हणजे नव्या धंद्याच्या सुरुवातीच्या भांडवलासाठी, इन्क्युबेशन सेंटरची (नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या केंद्राची) समिती बसते. तिथे मोठ्या पदांवरची, अनुभवी माणसं असतात, तिथे मी कुर्त्यावर ओढणी घेतली. पुण्यातल्या एंजेल गुंतवणूकदारांत, म्हणजे नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालणाऱ्यांत, बरेचसे जीन्समध्ये होते, तिथे घेतली नाही. बाकी कपडे तेच. दोन्हीकडे कपड्यांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही, प्रश्न सगळे धाग्याच्या ओलाव्याचे आणि भावाचे आले. मला हेच हवं होतं.

पुढे त्यातले दोघं मशीन बघायला येणार म्हणाले, तेव्हा मी आधीच कळवलं: जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, केळीचा चीक लागला की डाग जात नाही. तरी एक जण पांढऱ्या शर्टात आले. त्यांना मी भावाचा जुना शर्ट दिला आणि मशीनपाशी घेऊन गेले.