पोटाच्या पोकळीतले राखणदार

गावाचा राखणदार गाव सोडून जात नाही, असं कोकणात मानतात. पोटाच्या पोकळीतल्या मॅक्रोफेज पेशी मला तशाच वाटतात. आतडी आणि पोटाचं आतलं अस्तर यांच्यामध्ये जे थोडंसं पाणी असतं, त्यात त्या सुट्या फिरतात आणि मेलेल्या पेशी, जंतू गिळतात.

उंदरात यातल्या बऱ्याच पेशी गर्भावस्थेतच येऊन बसतात आणि तिथल्या तिथे विभागून टिकतात. पुढे अस्थिमज्जेतून मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, येत राहतात, ते आपले चाकरमानी. पण सण संपला म्हणून सगळे परत जात नाहीत. काही तिथेच मुरतात आणि हळूहळू मूळच्यांसारखे होतात. नर उंदरात ही अदलाबदल मादीपेक्षा वेगाने होते.

त्यांना घडवते ती जागा. अस्तरातल्या आणि त्याखालच्या आधारपेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल करतात. त्याने मॅक्रोफेजमधलं गाटा-६ हे प्रथिन जागं होतं आणि पोकळीत राहायला लागणारी जनुकं चालू होतात. जगण्यासाठी सीएसएफ-१ हा संदेशही लागतो. गाटा-६ काढलं की पेशींची संख्या घसरते. पेशी काढून प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवायला ठेवल्या तरी ही ओळख उतरू लागते, म्हणून जुन्या प्लेटवरचे निष्कर्ष मी जपूनच वाचते.

आणखी एक फसगत: जंतुसंसर्गानंतर काही तासांत पेशी गोळा करायला पोकळी धुतली तर या पेशी जवळजवळ सापडतच नाहीत. त्या सगळ्या मेलेल्या नसतात. गुठळ्या करून अस्तराला आणि आतड्यांवरच्या चरबीच्या पदराला चिकटलेल्या असतात.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नळीने पोटात द्रव भरून आणि काढून रक्त साफ करतात, ते पोटाचं डायलिसिस. घरी ते करणाऱ्यांना हे सगळं जवळचं आहे. द्रवाच्या दर बदलीला साधारण 2 लिटर द्रव आत जातो आणि बाहेर येताना राखणदार पेशी, अँटीबॉडी वाहून नेतो. द्रवातली जादा साखर, आणि जुन्या पद्धतीच्या पिशव्यांतली आम्लता, उरलेल्या पेशींना दुबळं करते. म्हणजे पहारा आधीच विरळ. नळीच्या टोकाला एक ओलं बोट लागलं तरी संसर्गाला पुरतं.

म्हणून पावसाळ्यात हात धुण्याइतकंच कोरडे करणं महत्त्वाचं. दमट हवेत पंचा वाळत नाही, तेव्हा दर वेळी नवा कागदी रुमाल घ्या. पंखा, खिडकी बंद आणि तोंडाला मास्क. विहिरीत, वहाळात, समुद्रात डुंबणं नको.

बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी छापील अक्षरांवर धरून पाहा. अक्षरं धूसर दिसली तर ती फेकू नका, तीच पिशवी घेऊन त्याच दिवशी डायलिसिस केंद्रात जा. द्रव किमान 2 तास पोटात राहिलेला असताना मायक्रोलिटरमागे 100 हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) निघाले, तर तो संसर्ग धरतात. पोट दुखत नसलं तरी घाट उतरून जायचा कंटाळा करू नका, आणि घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी आधी घेऊ नका. तिने कल्चरमध्ये, म्हणजे द्रवातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू उगवत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही.