तीन फुटांचा बोर्ड, चार फुटांचं पोस्टर: माझी पहिली गणिताची कॉन्फरन्स

मी संख्या-सिद्धान्तात, म्हणजे नंबर थिअरीत पीएचडी करते, हे घरी कुणालाच अजून नीट समजावता आलेलं नाही. संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे बेंगळुरूला निघाले तेव्हा मामाने फोन करून विचारलं, "जनगणनेचं काही काम आहे का गं?" मी हो म्हणून टाकलं.

कॉन्फरन्स आयसीटीएसला, म्हणजे इंटरनॅशनल सेंटर फॉर थिऑरेटिकल सायन्सेसला होती. टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) हे केंद्र बेंगळुरूच्या उत्तरेला, हेसरघट्ट्याच्या बाजूला शिवकोटे गावाजवळ आहे. पत्त्यात बेंगळुरू आहे म्हणून संध्याकाळी एम. जी. रोडवर भटकायचे बेत करू नका. राहणं, जेवण, व्याख्यानं सगळं कॅम्पसवरच. मी पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने गेले. दुपारच्या सुमारास बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू.

अर्जाचं आधी सांगते. अशा कार्यक्रमांचे अर्ज तीन-चार महिने आधीच मागवतात, आणि गाइडचं पत्र लागतं. सरांना शेवटच्या दिवशी मेल करू नका, मी केली होती. प्रवासखर्च मिळणार का, कुठल्या वर्गाचा मिळणार, हे निवडीच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून मगच तिकीट काढा आणि तिकिटाची पीडीएफ जपून ठेवा. पीएचडीचं पहिलंच वर्ष असेल तर थेट कॉन्फरन्सपेक्षा एटीएम (ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) स्कूलला जाणं बरं, असं माझं मत. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स, म्हणजे टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईचं संयुक्त केंद्र, ती चालवतं. तिथे व्याख्यानांच्या जोडीला ट्यूटोरियल असतात, फळ्यापाशी उभं राहून गणितं सोडवावी लागतात, आणि चारचौघांत चुकायची सवय होते. ती पुढे फार उपयोगी पडते.

आता पोस्टर, म्हणजे आपलं काम मांडणारा मोठा छापील कागद. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, एवढं वाचून मी आडवं छापून घेतलं. तिथले बोर्ड उभे, तीन फूट रुंद. माझं पोस्टर जवळजवळ चार फूट. डावीकडून प्रस्तावना आणि उजवीकडून संदर्भांचा रकाना मागे दुमडला, पिना टोचल्या. दोन तासांत एकानेही विचारलं नाही की प्रस्तावना कुठे गेली. उभं की आडवं, हे आयोजकांना आधी विचारा. आणि प्रस्तावना छोटी ठेवा.

व्याख्यानं. पहिल्या दिवशी पहिल्या व्याख्यानात मला बारा मिनिटं कळलं, दुसऱ्यात सात. माना हलवणारे बाकी सगळे पाहून पोटात गोळा आला. जेवताना केरळची रूममेट म्हणाली, "मला चारच मिनिटं कळलं," तेव्हा घास खाली उतरला. दुपारपासून मी सगळं उतरवून घेणं सोडलं आणि वहीत एकच नोंद करायला लागले: कुठे सुटलं. "११.२४, सेल्मर ग्रुप. इथपर्यंत ठीक." बस. सगळी व्याख्यानं रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर येतातच, सिद्धता तिथे पुन्हा बघता येते. पण आपण नेमके कुठे घसरलो, ते यूट्यूब सांगत नाही.

ती नोंद घेऊन चहाला जायचं.

मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना कसंबसं गाठलं. सेल्मर ग्रुपची व्याख्या येते, पण तो हवा कशाला, एवढंच विचारलं. ते कप हातात घेऊनच बाहेरच्या फळ्याकडे गेले आणि लिहिलं: ३क्ष³ + ४य³ + ५झ³ = ०. शून्य-शून्य-शून्य सोडून या समीकरणाला परिमेय उत्तर नाही. पण वास्तव संख्यांत उत्तर आहे, आणि प्रत्येक मूळ संख्येगणिक जी एक वेगळी संख्याव्यवस्था असते, त्या प-ॲडिक जगातही आहे. सेल्मर नावाच्या गणितज्ञाने हे १९५१ साली दाखवलं. म्हणजे, ते हसत म्हणाले, प्रत्येक टोलनाक्यावर गाडीची नोंद आहे, पण गाडी मुक्कामी पोचलीच नाही! परिमेय उत्तरं थेट मोजणं अवघड, नाके तपासणं त्या मानाने सोपं. सगळे नाके पार करणाऱ्यांची यादी म्हणजे सेल्मर ग्रुप. त्यात खरोखर पोचलेले असतात आणि हे न पोचलेलेही. यादी मोजता येते, म्हणून पोचलेले जास्तीत जास्त किती, हे कळतं. दोन सेमिस्टर मी व्याख्या पाठ केली होती. टोलनाका कुणी दाखवला नव्हता.

तर, "मला काहीच कळलं नाही" असं म्हणू नका, समोरचा काय करणार? "इथपर्यंत कळलं, इथे सुटलं" म्हटलं की बहुतेक जण थांबून सांगतात. "याचं सगळ्यात छोटं उदाहरण कुठलं?" हाही प्रश्न कधी वाया गेला नाही. उलट तुम्हाला विचारलं जाईल, "तुम्ही काय करता?" त्याचं अर्ध्या मिनिटाचं उत्तर आरशासमोर घोकून जा. मी "एलिप्टिक कर्व्ह्ज... म्हणजे..." इथेच अडकले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच चहाच्या रांगेत चेन्नईच्या एका आजोबांनी विचारलं, कुठून आलीस? पुणे म्हटल्यावर म्हणाले, मग पूर्वी फर्ग्युसनमध्ये असलेली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची लायब्ररी तुला माहीत असेलच. मला नव्हती. १९०७ साली सोसायटी निघाली, तेव्हा पुस्तकं-नियतकालिकं फर्ग्युसनमधून पोस्टाने सभासदांकडे फिरायची. रामानुजनांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये याच सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. आम्ही बोलत होतो ते रामानुजन हॉलच्या दारातच. फर्ग्युसनसमोरच्या एफ. सी. रोडवर मी आठवड्यातून तीनदा असते, बहुतेक वेळा कपडे बघत.

किरकोळ: हॉलमधला एसी कडक, स्वेटर न्या. घरचा चिवडा किंवा शंकरपाळी न्या. ओळख करून घ्यायला गणितापेक्षा ती बरी. गाइडच्या मागे-मागे फिरू नका, आणि रोज एक व्याख्यान बुडवलंत तरी चालेल.

परतीचं तिकीट मात्र शेवटच्या व्याख्यानाला चिकटून काढू नका. मी काढलं. सगळं संपल्यावर चार-पाच जण फळ्यापाशी माझ्याच प्रश्नावर वाद घालत होते, आणि मी पाठीला सॅक, हातात पोस्टरची नळी घेऊन कॅबची वाट बघत दारात उभी. रूममेटने रात्री फळ्याचा फोटो पाठवला. त्यातला उजवा कोपरा कुणाच्या तरी डोक्याआड गेलाय.