दुसरी सही

चौकशी समितीची बैठक अकरा वाजता होती. माझ्या वॉर्डातील सिस्टर मात्र साडेनऊपासूनच नर्सिंग ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. ड्युटीवरून थांबवल्यामुळे ती गणवेशात नव्हती, आणि धायरीहून पावसात बसने आल्यामुळे तिची फाइल कडेने भिजली होती. ‘मॅडम, माझं रजिस्ट्रेशन रद्द होईल का?’ एवढेच तिने विचारले. एचआरमधील कुणीतरी तिला फोनवर तसे बजावले होते. ही धमकी इतक्या सहज दिली जाते की देणाऱ्यालाही ती खरी वाटू लागते. रुग्णालय नोकरी काढून घेऊ शकते. नोंदवहीतील नाव काढण्याचा अधिकार १९६६ च्या कायद्याने मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे, आणि परिषदेलाही आधी तिचे म्हणणे ऐकावे लागते.

चौकशी ज्या रात्रीची होती, त्या रात्री जेवणाआधी एका आजोबांना बारा युनिट इन्सुलिन द्यायचे होते. आमच्याकडे वर्षानुवर्षे एका मिलिलिटरला ४० युनिटची वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, येते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. त्या दिवशी साठा संपला म्हणून फार्मसीने मिलिलिटरला १०० युनिटची वायल पाठवली. तिला लागणारी नारिंगी टोपणाची सिरिंज पाठवली नाही, की फोन करून सांगितलेही नाही. लाल सिरिंजमध्ये बाराच्या रेघेपर्यंत भरले की ०.३ मिलिलिटर होते, म्हणजे या वायलमधून सरळ ३० युनिट. अकरा वाजून वीस मिनिटांनी आजोबा घामाने डबडबले आणि हाकेला नीट ओ देईनात. तिने साखर तपासली, ४१ आली, म्हणजे धोकादायक कमी. ड्युटी डॉक्टरांना बोलावून २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिले, आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने ती साखर तपासत राहिली. वायलवरचा आकडा तिच्याच लक्षात आला आणि तिनेच तो डॉक्टरांना सांगितला. ती गप्प राहिली असती, तर ‘रुग्णाने जेवण कमी घेतले’ हे कारण सहज खपले असते.

मेट्रननी तिला खुलाशाचा तयार मसुदा दिला होता: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, क्षमा असावी.’ तो मी तिला देऊ दिला नाही. निष्काळजीपणा हा चौकशीचा निष्कर्ष असतो. चौकशीआधीच तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिला, की तोच कागद पुढे परिषदेपर्यंत आणि वेळ आली तर न्यायालयापर्यंत जातो. आम्ही औषध-चार्ट, साखरेच्या नोंदी आणि त्या संध्याकाळी फार्मसीला पाठवलेल्या मागणीपत्राच्या, म्हणजे इंडेंटच्या, प्रती लेखी मागितल्या आणि मगच वेळेनुसार घटनाक्रम लिहिला. नंतर आठवलेली एक नोंद तिने आधीच्या ओळीत न कोंबता उशिराची नोंद म्हणून, लिहिल्याची वेळ टाकून केली होती. हे मीच शिकवते, म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. दर पाच वर्षांनी करावे लागणारे तिचे नोंदणीचे नूतनीकरणही चालू होते; नाहीतर दुसरा आरोप आयताच मिळाला असता.

आमच्या चार्टवर इन्सुलिनपुढे दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही माझी होती. सव्वाआठ वाजले होते, पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देऊन झाली होती, पर्स खांद्याला होती. तिने वायल आणि सिरिंज माझ्यासमोर धरली आणि मी बोलता बोलता सही करून निघाले. तिच्या दोन पानी खुलाशात माझे नाव नव्हते. ‘नियमाप्रमाणे दुसऱ्या सिस्टरांची सही घेतली’ एवढेच होते. समितीने चाळीस मिनिटे तिचे प्रशिक्षण, तिची झोप, तिच्या कॉलेजचा दर्जाही काढला. चार्ट टेबलावर उघडा असूनही दुसऱ्या सहीवर कुणाचे बोट गेले नाही. मी बोलले, पण त्या चाळीस मिनिटांनंतर. त्या वेळात माझे स्वतःचे नूतनीकरण दोन महिन्यांवर आले आहे, हे मला दोनदा आठवले होते.

तिला ताकीद मिळाली आणि ती पुन्हा ड्युटीवर आली. फार्मसीला काहीही विचारले गेले नाही. मला मिळालेल्या समजपत्राची पोच मी अजून दिलेली नाही. ‘पडताळणीत त्रुटी राहिली’ असे त्यात म्हटले आहे, आणि पडताळणी तर झालीच नव्हती.