कमावत्या मुलाकडून घरात किती पैसे घ्यायचे? हिशोबासकट

मुलाला नोकरी लागते, पहिला पगार देवासमोर ठेवला जातो, शेजारीपाजारी पेढे जातात. मग तीन-चार महिने कुणीच काही बोलत नाही. आईला वाटतं, तो स्वतःहून देईल. त्याला वाटतं, लागले तर मागतील. आणि एक दिवस बाबा लाइट बिलावरून भडकतात, तेव्हा विषय निघतो तो चुकीच्या सुरात. म्हणून आकडा आधी ठरवावा, आणि तो अंदाजपंचे नव्हे, कागदावर.

‘पगाराच्या तीस टक्के दे’ हा सोपा नियम मला पटत नाही. पगार वाढला म्हणून पोरगा पोळ्या जास्त खात नाही. खर्चावरून आकडा काढला तर त्याला तो समजतो आणि वादही होत नाही. दोन महिन्यांचा खरा खर्च लिहून काढा. पुण्यातल्या टू बीएचकेमधलं एक नमुन्याचं घर घेऊ: आई-बाबा, नोकरी करणारा मुलगा, कॉलेजातली मुलगी. किराणा ९,०००, रोजचं दीड लिटर दूध ३,१५०, भाजी-फळं ५,०००, सिलिंडर ९००, वीज १,४००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, केर-फरशी-भांड्यांच्या मावशी २,५००, इंटरनेट ७००. बेरीज २६,१५०.

आता याचे दोन गठ्ठे करा. माणसागणिक वाढणारा खर्च, म्हणजे किराणा, दूध, भाजी, गॅस, मिळून १८,०५०. तो खाणाऱ्या चौघांत वाटला की मुलाचे साधारण ४,५००. विजेचाही चौथा भाग, ३५०. माणूस असो-नसो होणारा खर्च, म्हणजे मेंटेनन्स, मावशी, इंटरनेट, मिळून ६,७००. हा खाणाऱ्यांत नाही, कमावणाऱ्यांत वाटायचा. बाबा आणि मुलगा दोघे कमावते, म्हणून ३,३५०. एकूण ८,२००. हातात ३२,००० पडत असतील तर गोल आकड्यात ८,००० म्हणजे पाव पगार, आणि हे ठीक आहे. बहिणीचा वाटा भावाच्या माथी मारायचा नाही. ती आई-बाबांची जबाबदारी.

आकडा निघाला की दोन बाजूंनी तपासा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता आधी वजा करून उरलेल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर कमी करा. आणि त्याच भागात कॉट बेसिसवर राहून मेस लावली तर जेवढे लागतील, त्याहून घरचा आकडा कमीच हवा. नाहीतर तो सामान उचलून मित्रांबरोबर फ्लॅट घेईल, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

एसीचं गणित वेगळं करा. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो: पहिल्या १०० युनिटला एक, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०० च्या पुढे आणखी वर. घराचा एरवीचा वापर १५० युनिट धरा. मुलाच्या खोलीतला दीड टनी एसी ताशी एक युनिट धरून रात्री आठ तास चालला तर महिन्याला २४० युनिट. एकूण ३९०. म्हणजे एसीच्या २४० पैकी एकही युनिट स्वस्त टप्प्यात बसत नाही. १५० मधल्या टप्प्यात जातात आणि ९० तिसऱ्या. त्यामुळे एप्रिल-मेचं पूर्ण बिल चार भागांत वाटणं हा आई-बाबांवर अन्याय आहे. सोपा उपाय असा की फेब्रुवारीचं बिल बाजूला काढून ठेवा, आणि उन्हाळ्याच्या बिलातला वरचा फरक ज्याच्या खोलीत एसी, त्यानं भरायचा. (बाबा दुपारी त्याच खोलीत जाऊन झोपत असतील तर मात्र अर्धा-अर्धा.)

घेण्याची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. पगार १ तारखेला होत असेल तर ५ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (पैसे आपोआप वळते करण्याची सूचना) मुलाच्या बँकेत लावून टाका, ज्या खात्यातून घर चालतं त्याच खात्यात. दर महिन्याला मागावं लागलं की आईला ते भीक मागितल्यासारखं वाटतं आणि मुलाला टोचून बोलल्यासारखं. ‘मी किराणा आणत जाईन’ ही सोय शक्यतो टाळा. तो दहा मिनिटांत घरी पोचवणाऱ्या ॲपवरून चिप्स, आइस्क्रीम आणि महागडं चीज मागवतो आणि महिनाअखेरीला म्हणतो, मी सहा हजार घातले. डाळ-तांदूळ-तेल बाबांनीच भरलेलं असतं. दिवाळीला आणलेला टीव्हीही वाट्यात धरायचा नाही. ती भेट.

आता ‘भाडं’ या प्रकाराबद्दल. बऱ्याच घरांत ऑफिसातला कुणीतरी सल्ला देतो: बाबांना भाडं दाखव, एचआरएवर (पगारातल्या घरभाडे भत्त्यावर) टॅक्स वाचव. आधी गणित करा. नव्या करप्रणालीत एचआरएची सूट मिळतच नाही, आणि २०२५-२६ पासून त्यात पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत तसाही कर शून्य आहे. त्याच्या वर बघू. पगार १८ लाख, मुंबईत बाबांना महिना २०,००० भाडं, मूळ पगार ६०,०००. भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा जाऊन सूट महिना १४,०००, वर्षाला १,६८,०००. जुन्या प्रणालीत ही सूट आणि ८०सीचे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीच्या वजावटीचे) दीड लाख घेऊनही कर सेससकट सुमारे २.५२ लाख येतो. नव्यात काहीच न दाखवता १.५१ लाख. म्हणजे भाडं दाखवून लाखभर रुपये जास्त भरायचे! शिवाय ते भाडं बाबांच्या उत्पन्नात धरलं जातं. ३० टक्के सरसकट वजावट मिळते, उरलेलं करपात्र.

तरीही कुणाच्या इतर वजावटी मोठ्या असतील आणि जुनी प्रणालीच फायद्याची ठरत असेल, तर ते खरं भाडं असायला हवं. घर आई किंवा बाबांच्या नावावर, मुलगा सहमालक नाही, पैसे दर महिन्याला बँकेतून, वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन, आणि बाबांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवलेलं. करार करायचा तर महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सही नोंदवावा लागतो. नुसत्या स्टँपपेपरवर भागत नाही. २०१७ साली मुंबईच्या आयकर अपीलीय न्यायाधिकरणानं आईला रोखीनं भाडं दिल्याचा एका पगारदार बाईंचा दावा बनावट ठरवून फेटाळला होता. रोख दिलं, बँकेत माग नाही, म्हणजे हातात काही नाही.

बहुतेक घरांत मग साधा घरखर्चाचा वाटाच बरा. मुलानं आई-वडिलांना दिलेल्या पैशांवर त्यांना कर लागत नाही, करार नको, पावती नको.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: गृहकर्जाचा हप्ता मुलाच्या खात्यातून. घर बाबांच्या नावावर, मुलगा मालकही नाही आणि कर्जदारही नाही, तर त्याला त्या हप्त्यावर करात काही मिळत नाही आणि घरात हिस्साही तयार होत नाही. पण ‘दहा वर्षं हप्ते मी भरले’ हे वाक्य तयार होतं, आणि वाटणीच्या वेळी बहिणीसमोर तेच बाहेर येतं. पैसा तेवढाच लागत असेल तर उलटं करा: हप्ता बाबांच्या पेन्शनमधून, किराणा-वीज मुलाकडून.

काही आई-वडील हे पैसे गुपचूप मुलाच्या नावानं साठवतात, लग्नात देऊ म्हणून. हेतू चांगला, पण मग त्याला घरखर्च म्हणू नका. पैशांची गरज नसेल तर त्याच्याच खात्यातून आरडी किंवा एसआयपी सुरू करायला लावा आणि वाटा निम्म्यावर आणा.

मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा अनेक घरांतला अलिखित नियमही सोडून द्यावा. भाऊ आठ हजार देतो आणि त्याच्याहून जास्त पगाराची बहीण शून्य, हे त्या दोघांनाही अवघडच जातं.

आकडा दर एप्रिलला, इन्क्रिमेंट लागल्यावर, पुन्हा मांडायचा. लग्न झालं की जुना कागद बाद: खाणाऱ्यांची संख्या बदलते, सून कमावती असेल तर कमावणाऱ्यांचीही, आणि तेव्हा हिशोबाला तिलाही बसवायचं, नवऱ्याच्या मार्फत निरोप पाठवायचा नाही.