पद्मिनीला स्टीलचा पाइप
बाबांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा रेडिएटरचा वरचा होजपाइप (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा) परत फुगला. नाना पेठेतून आणलेला सरळ रबरी पाइप वळणावर चेपतो, म्हणून आज मिस्त्रींकडून स्टेनलेस स्टीलचाच करून घेतला. आधी जाड तार वाकवून माप घेतलं, मग दोन बाक जोडून वेल्डिंग. टोकांना बारीक कड उठवली, नाहीतर दाबाने जोडाचं रबर क्लिपमधून सटकतं. पाइप स्टीलचा असला तरी दोन्हीकडे जोडायला रबराचे तुकडे ठेवलेच. चालू इंजिन हलतं, अख्खा कडक पाइप रेडिएटरचंच तोंड तोडेल. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घातलं. (त्याऐवजी नळाचं पाणी ओतणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.) कात्रजचा घाट चढवला, थेंब गळला नाही. आता खालचा पाइप! तिथे पंप पाणी खेचतो, मऊ रबर आत ओढलं जातं.